सामायिक डोंगरवाटेची श्रमदानातून देखभाल: पाण्याचा वेग आणि चाकांचा वेग

प्रश्न थोडक्यात असा आहे. माउंटन बाइक चालवणाऱ्यांचा एक छोटा गट डोंगरउतारावरील जंगलातून जाणाऱ्या वाटेची श्रमदानाने निगा राखतो. तीच वाट पादचारी आणि घोडेस्वारही वापरतात. प्रत्येक मोठ्या पावसानंतर ठरावीक ठिकाणी चर पडतात आणि भरलेली माती वाहून जाते. चालणाऱ्यांची तक्रार सायकलींच्या वेगाबद्दल आहे. वाटेतील दगड आणि मुळे काढावीत की ठेवावीत, यावर गटातच दुमत आहे. त्यात भर म्हणून कोणीतरी परवानगीशिवाय उड्या मारण्यासाठी मातीचे उंचवटे उभारल्याने जमिनीचा कारभार पाहणारे अधिकारी नाराज झाले आहेत. अशा परिस्थितीत श्रमदानाचे मोजके दिवस कोठे खर्च करावेत?

चर बुजवण्यात ते घालवू नयेत, हे माझे पहिले उत्तर आहे. चर हा परिणाम आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा चराच्या वरच्या बाजूस दहा, वीस, कधी पन्नास मीटरांवर असते आणि तेथे कोणी फावडे लावलेलेच नसते. तुमच्या अडचणी वरकरणी वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी पहिल्या तीन एकाच मुद्द्यापाशी येऊन मिळतात आणि तो मुद्दा वेगाचा आहे. पाण्याचा वेग वाढला की माती जाते, सायकलीचा वेग वाढला की माणसे बिचकतात, आणि या दोन्ही वेगांवर वाटेच्या आकाराइतका अंमल पाटीचा, विनंतीचा किंवा दंडाचाही चालत नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या खड्याचे वजन सैद्धांतिक हिशेबाने 64 पट होते. सायकलीचा वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणून दोघांनाही एकदमच हळू करील, अशी दुरुस्ती आधी शोधावी.

पाहणीची सुरुवात पावसात करावी. अवजारे आणि सायकली घरी ठेवून, पाऊस चालू असताना किंवा तो थांबल्यावर तासाभराच्या आत, संपूर्ण वाट वरून खालपर्यंत पायी पाहावी. पाणी वाटेवर नेमके कोठून उतरते, वाटेच्या सोबतीने किती अंतर धावते आणि कोठून बाहेर पडते, एवढेच पाहायचे असते. पण ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काढलेले अनुमान हमखास चुकते. पाणी आत येण्याच्या जागी एका रंगाची फीत बांधावी आणि बाहेर पडण्याच्या जागी दुसऱ्या रंगाची. कोरड्या दिवशी हीच माहिती खुणांवरून काढावी लागते. बारीक वाळू साचलेली असेल तेथे पाणी मंदावले होते. नुसते खडे उरले असतील तेथे ते वेगात होते आणि बारीक माती घेऊन गेले. पालापाचोळ्याचे आडवे पट्टे दिसतात तेथपर्यंत ते पोहोचले होते. पहिल्या रंगाच्या फिती जेथे आहेत ती तुमची कामाची ठिकाणे होत. चर पडलेली जागा त्यानंतर येते.

यानंतर उतार मोजावा. साधा क्लिनोमीटर किंवा फोनमधील उतार दाखवणारे ॲप या कामाला पुरते. शंभर मीटर आडव्या अंतरात दहा मीटर उंची बदलली, तर तो उतार 10 टक्के. मापे दोन घ्यायची असतात: एक वाटेच्या स्वतःच्या उताराचे आणि दुसरे, वाट ज्या डोंगरबाजूवरून जाते त्या डोंगरबाजूच्या उताराचे. वाटेचा उतार डोंगरबाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, हा वाटा बांधणाऱ्यांचा सर्वांत उपयोगी नियम आहे. 1988 साली कॅलिफोर्नियातील काही सायकल क्लबांनी मिळून स्थापन केलेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने त्याचा मोठा प्रसार केला. डोंगरबाजू 20 टक्के उताराची असेल, तर वाट 10 टक्क्यांपर्यंत ठेवावी. ही मर्यादा ओलांडली, की पाण्याला वाट आडवी ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेनेच धावणे सोपे पडते आणि मग वाटेचा नाला होतो. याच्या जोडीला, संपूर्ण वाटेचा सरासरी उतार 10 टक्क्यांच्या आत ठेवावा असा संकेत आहे. कारण डोंगरबाजू 60 टक्क्यांची आहे म्हणून 30 टक्क्यांची वाट टिकेल असे मुळीच नाही. माती वालुकामय असेल तर हे आकडे आणखी खाली आणावे लागतात, आणि उघड्या खडकावर ते बरेच सैल सोडता येतात.

या नियमाचा एक परिणाम नवख्यांना चकित करतो. सपाट जमीन ही वाटेसाठी सोपी जमीन नव्हे. डोंगरबाजूलाच 4 टक्के उतार असेल, तर वाटेला 2 टक्क्यांपलीकडे जाण्यास वावच राहत नाही. पाय, खूर आणि चाके मिळून वाट थोडी दाबली जाते, भोवतालच्या जमिनीपेक्षा ती खाली बसते, आणि पाण्याला बाहेर पडण्यासाठी खालची जागाच उरत नाही. तुमच्या वाटेचा सर्वांत चिखलाचा तुकडा सपाटीवर असेल, तर तो शक्य झाल्यास बाजूच्या उतारावर हलवण्याचा विचार आताच सुरू करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. डोंगरबाजूवर कापलेल्या वाटेला दरीच्या बाजूकडे सुमारे 5 टक्क्यांचा कल असावा लागतो, म्हणजे एक मीटर रुंद वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पाच सेंटिमीटर खाली असावी. इतका कल डोळ्यांना जेमतेम जाणवतो, परंतु पाण्याला तो पुरतो आणि वरून आलेला पातळ ओघ वाट ओलांडून पलीकडे निघून जातो. नव्या वाटेत हा कल असतो. वापराने तो जातो. वाटेचा मध्य दाबला जातो, तेथील माती बाजूला सरकते, आणि दरीकडच्या कडेला तिचा एक लांबलचक वरंबा तयार होतो, ज्यावर पुढे गवतही उगवते. हा वरंबा दिसायला निरुपद्रवी असतो. काही जण तर त्याला सुरक्षित कठडा समजतात. खरे पाहता पाणी वाटेत कोंडून ठेवणारा बांध तोच असतो. श्रमदानाच्या एका दिवसात एकच काम करायचे असेल, तर हा वरंबा काढावा. तो मुळापर्यंत कापून, खालची बाजू मूळ डोंगरउताराला मिळेपर्यंत गोलसर करून घ्यावा. काढलेली माती खडेमिश्रित आणि स्वच्छ असेल तर वाटेच्या खोलगट मध्यात घालून चोपावी, आणि गवत-मुळांनी भरलेली असेल तर उतारावर दूरपर्यंत पातळ पसरून टाकावी. तिचा ढीग कडेलाच ठेवला, तर पुढच्या पावसात नवा वरंबा तयार मिळतो. काम झाल्यावर पाणसळ लावून पाहावी, किंवा बाटलीभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जाते ते पाहावे.

केवळ या कलावर मात्र विसंबून राहता येत नाही, कारण तो नाहीसा होणारच असतो. टिकाऊ उपाय म्हणजे उतरत्या वाटेला थोड्या थोड्या अंतरावर उलट चढ देणे: वाट खाली येते, मध्येच तीन-चार मीटर किंचित वर चढते, आणि पुन्हा खाली जाते. त्या सखल जागी आलेले पाणी पुढे चढू शकत नाही, म्हणून दरीकडे निघून जाते. जमीन आणि पाऊस पाहून असे उलट चढ साधारण 6 ते 15 मीटरांवर असावेत. नवी वाट आखताना ते आखणीतच घालता येतात आणि मग त्यांना देखभाल जवळजवळ लागत नाही. जुन्या वाटेवर ते नंतर बसवावे लागतात. उतार सौम्य असेल, तर सुमारे तीन मीटर लांबीची अर्धवर्तुळाकार उथळ खाच दरीच्या बाजूने कापावी, तिच्या मध्यभागी बाहेरचा कल 15 टक्क्यांपर्यंत असावा, आणि खाचेबाहेर पाण्याला खाली उतरण्यास मोकळी जागा आहे याची आधी खात्री करावी. उतार अधिक असेल, तर खाचेच्या खालच्या अंगाला, खाचेतूनच निघालेल्या मातीचा चार-पाच मीटर लांबीचा मंद उंचवटा रचून तो थरथर चोपून घ्यावा. सायकलस्वाराला त्यावरून जाताना सुखद हेलकावा मिळतो, चालणाऱ्याला तो जाणवतही नाही, घोडा त्यावर अडखळत नाही, आणि उतरणाऱ्या चाकाचा वेग तेथे आपोआप थोडा मोडतो. पाणी आणि सायकल दोन्ही एकाच बांधकामाने हळू होतात, ते असे.

याच जागी पूर्वी वाटेत तिरके लाकूड किंवा दगडांची रांग पुरून पाणी वळवण्याची पद्धत होती, आणि अजूनही अनेक गट उत्साहाने ते करतात. सायकली जात असलेल्या वाटेवर मी त्याविरुद्ध सल्ला देईन. पाणी लाकडावर आदळून अचानक थांबते, गाळ तेथेच टाकते, आणि थोड्याच काळात गाळाने भरलेल्या लाकडावरून उडी घेऊन खालच्या बाजूस खड्डा पाडते. ओले, तिरके लाकूड चाक घसरवते. म्हणून सायकलस्वार त्याला वळसा घालतात, पादचारीही घालतात, आणि वाट रुंद होते. गाळ नियमितपणे उपसणारे मनुष्यबळ असेल तर ही रचना चालते. श्रमदान करणाऱ्या गटाकडे नेमके तेच नसते.

या सगळ्यानंतर चर भरण्याची पाळी येते. भरणासाठी झाडाखालची काळी, भुसभुशीत, पाल्याने बनलेली माती कधीही वापरू नये. ती पाणी धरते, दाबली जात नाही आणि आठवड्यात तिचा चिखल होतो. तिच्या खालची खडे-वाळू-चिकणमातीच्या मिश्रणाची माती हवी. ती वाटेपासून दूर, नजरेआड, पाण्याच्या मार्गात नसलेल्या जागेतून खणावी, आणि खड्डा नंतर दगड, फांद्या व वरची बाजूला ठेवलेली काळी माती घालून बुजवावा. माती मुठीत दाबली असता गोळा होईल पण हाताला चिकटणार नाही, इतपत ओली असताना काम करावे. कोरडी माती कितीही चोपली तरी बसत नाही. पाच-सात सेंटिमीटरांचा थर, त्यावर धुम्मस (माती चोपण्याचे जड अवजार), मग पुढचा थर. खोल चरात तळाशी दगड घट्ट बसवून वर माती घातली तर भराव अधिक टिकतो. जेथे वाट हलवताही येत नाही आणि पाणी वळवताही येत नाही, तेथे दगडी फरसबंदी करावी: मोठे दगड निमुळती बाजू खाली ठेवून उभे रोवावेत, सांधे लहान दगडांनी ठोकून भरावेत. हे काम अतिशय संथ असते, एका दिवसात एक-दोन मीटर झाले तरी समाधान मानावे लागते, परंतु नीट केलेली फरसबंदी आपल्याहून अधिक काळ टिकते.

ओहोळ ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी ओहोळाकडे उतरती आणि पलीकडे चढती असावी, आणि ओलांड शक्य तितका काटकोनात असावा. वाट ओहोळापाशी सतत उतरतीच असेल, तर एखाद्या पुरात संपूर्ण ओहोळ वाटेत शिरतो.

आता चालणाऱ्यांच्या तक्रारीकडे वळतो. सायकली कोठे भरधाव येतात हे कोणाला विचारण्याची गरज नसते. वळणाच्या आधी ब्रेकमुळे उमटलेल्या आडव्या खाचखळग्यांच्या रांगा ते सांगतात. या रांगा भरून काढणे म्हणजे पुन्हा चर बुजवणेच. त्या पडतात, कारण वरचा तुकडा सरळ आणि मोकळा आहे व तो एका अरुंद वळणात संपतो. उपाय वळणापाशी शोधू नये, वरच्या तुकड्यात शोधावा. तेथे एक-दोन उलट चढ घालावेत, वाट दोन मोठ्या दगडांमधून किंवा दोन झाडांमधून अरुंद करून न्यावी, किंवा जागा असल्यास सरळ रेषेला एक सौम्य नागमोडी वळण द्यावे. अरुंद जागेच्या आधी वेग कमी करायला भाग पाडणारा एखादा बदल असलाच पाहिजे. भरधाव तुकड्याच्या शेवटी अचानक दगड आणून ठेवणे म्हणजे अपघाताची सोय करणे होय.

दृष्टीच्या टप्प्याचा हिशेब गटातील प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. ताशी 20 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर संपते आणि सैल मातीवर थांबायला आणखी चार-पाच मीटर लागतात; म्हणजे दहा मीटर. ताशी 40 किलोमीटरला हाच हिशेब सुमारे तीस मीटरांवर जातो. समोरून येणाराही सायकलस्वार असेल, तर दोघांची अंतरे मिळवावी लागतात. आता आपल्या वाटेवरील आंधळ्या वळणांवर जाऊन खरोखर किती मीटर दिसते ते टेपने मोजावे. जेथे दिसणारे अंतर कमी पडते, तेथे दोन मार्ग असतात: वळणाच्या आतल्या बाजूची झुडपे छाटून दृष्टी वाढवणे, किंवा वळणाआधी वेग उतरवणे. पहिला मार्ग सोपा असल्याने सर्वांना आवडतो, परंतु फार पुढपर्यंत दिसू लागले की सायकलस्वार वेगही वाढवतात आणि मिळवलेले अंतर खाऊन टाकतात. म्हणून छाटणी बेताची करावी आणि तिला नेहमी दुसऱ्या उपायाची जोड द्यावी.

दगड आणि मुळे यांच्याविषयीच्या तुमच्या वादाचे उत्तरही येथेच मिळते. सैल, पायाखाली सरकणारा दगड काढावा. जमिनीत घट्ट बसलेला ठेवावा, कारण तो माती धरतो आणि वेग धरतो. वाटेला आडवे जाणारे मूळ बहुधा एखाद्या पायरीप्रमाणे वरची माती अडवते, ते कापले की वरच्या बाजूस नवा चर सुरू होतो आणि झाडालाही इजा होते. वाटेच्या दिशेने लांब पसरलेले मूळ मात्र ओले असताना चाकाला अत्यंत धोकादायक असते. ते कापण्यापेक्षा वाट त्याच्या वरच्या बाजूने थोडी सरकवावी. गुळगुळीत केलेली वाट चांगली वाट, ही समजूत श्रमदान करणाऱ्यांमध्ये खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे जितक्या वाटा वेगवान, रुंद व तंट्याच्या झाल्या आहेत, तितक्या हेतुपूर्वक नासाडीमुळे झालेल्या नसतील. शिवाय वाटेचे स्वरूप बदलणे हा देखभालीचा भाग नव्हे. एखादा कठीण दगडी टप्पा कोणाला जमत नाही म्हणून तो फोडून टाकण्याचा अधिकार देखभाल गटाला नसतो. तसे करायचे असल्यास ते सर्व वापरणाऱ्यांसमोर आणि जमीनमालकासमोर ठेवावे.

घोडेस्वारांमुळे काही मापे बदलतात. सायकलीसाठी सुमारे अडीच मीटर उंचीपर्यंत फांद्या काढल्या तरी चालते. घोड्यावर बसलेल्या माणसासाठी ती उंची तीन मीटर लागते. फांदी खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता, पण खुंट न ठेवता कापावी. जमिनीलगतची रोपे मातीच्या पातळीला सपाट कापावीत. तिरके, टोकदार बुंधे सोडले तर पडणाऱ्या सायकलस्वारासाठी ते भाल्यांसारखे उभे राहतात. घोडा दिसताच सायकलस्वाराने उतरावे, दरीच्या बाजूस उभे राहावे आणि बोलावे, म्हणजे समोर माणूस आहे हे घोड्याला कळते; आणि अशी भेट होण्याच्या ठिकाणी दोघांना उभे राहता येईल एवढी जागा वाटेच्या कडेला ठेवणे हे देखभाल गटाचे काम आहे.

सामायिक वाटेवरील बैठकीत नुकसान कोण अधिक करते हा वाद निघतोच. 1994 साली विल्सन आणि सेनी यांनी मोंटानातील वाटांवर केलेल्या प्रयोगात घोडे आणि पादचारी यांनी चाकांपेक्षा अधिक माती सैल केली, आणि हा फरक आधी भिजवलेल्या वाटांवर अधिक स्पष्ट होता. 2001 साली थर्स्टन आणि रीडर यांनी ओंटारिओतील जंगलात पाचशेपर्यंत फेऱ्या करून पाहिल्या, तेव्हा वनस्पती आणि माती यांवर चालण्याच्या व सायकल चालवण्याच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष माहीत असावेत, मात्र बैठकीत ते हत्यारासारखे काढू नयेत. हे प्रयोग ठरावीक मापाच्या फेऱ्यांचे होते; ब्रेक घट्ट धरून चाक घसटत वळण घेणारा सायकलस्वार हा वेगळा विषय आहे. आणि ओल्या मातीवरून कोणीच जाऊ नये, या एका गोष्टीवर तिन्ही गटांचे एकमत घडवता आले, तर कोण अधिक दोषी हा प्रश्न बराचसा निरर्थक होतो.

वाट रुंद होणे हेही निचऱ्याच्या दोषाचेच लक्षण आहे. डबके आले की प्रत्येक जण कडेने जातो. डबके आधी काढावे, मग कडेची पायवाट दगड, ओंडके आणि फांद्या टाकून बंद करावी. उलट क्रमाने केले तर लोक ओंडक्यालाही वळसा घालतात. वळणांमधील आडवाटा बंद करताना त्यांचे वरचे व खालचे तोंड नजरेतून नाहीसे होईल इतके झाकावे लागते, कारण माणूस दिसणाऱ्या वाटेनेच जातो. निम्म्या उताराच्या नियमात न बसणारा तुकडा दुरुस्त करण्याचा हट्ट कधीतरी सोडावा आणि नवा मार्ग आखावा. नव्या मार्गात वाटेची पूर्ण रुंदी मूळ डोंगरात कापलेली असावी; अर्धी कापून अर्धी भरावावर टेकवलेली वाट बाहेरच्या बाजूने खचते. सोडलेला जुना तुकडा तसाच टाकून देऊ नये, नाहीतर पाणी तो सोडत नाही: दाबलेली जमीन कुदळीने भुसभुशीत करावी, थोड्या अंतरावर गाळ अडवणारे छोटे बांध घालावेत आणि त्याच परिसरातील झाडोरा लावावा.

अवजारांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कुदळ, फावडे, पहार, करवत आणि धुम्मस यांवर बहुतेक कामे होतात. एका बाजूस रुंद पाते आणि दुसऱ्या बाजूस जाड दात असलेले मॅक्लाउड हे अवजार मिळाले तर अवश्य घ्यावे. 1905 साली माल्कम मॅक्लाउड या अमेरिकी वनरक्षकाने ते वणवे विझवण्याच्या कामासाठी तयार केले, पण वाट सारखी करून त्याच्या सपाट बुडाने चोपण्यासाठी ते जणू मुद्दाम बनवल्यासारखे आहे. अवजार चालवणाऱ्या दोघांमध्ये किमान तीन मीटर अंतर असावे, चालताना ते दरीकडच्या हातात, पाते खाली करून धरावे, खांद्यावर टाकू नये. यांत्रिक करवत प्रशिक्षण घेतलेल्यानेच चालवावी. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाताना अवजारे, बूट आणि टायर यांवरील माती घासून काढावी. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोगजंतू मातीबरोबर पसरतो, म्हणून तेथे पादत्राणे धुण्याच्या जागा वाटांच्या तोंडाशीच केलेल्या आहेत.

राहिला परवानगीचा प्रश्न, आणि येथे मी थोडा कठोर आहे. वाट वापरण्याचा हक्क आणि वाटेला हात लावण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने सायकलींना घोडेवाटांवरून जाता येते, पण पादचारी व घोडेस्वार यांना वाट देण्याची अट त्याच कायद्यात आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वावरण्याचा हक्क बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर दिला. अमेरिकेत 1964 च्या कायद्याखाली राखलेल्या वन्य प्रदेशांत सायकलींना बंदीच आहे. यांपैकी कोठेही, मातीत फावडे घालण्यापूर्वी जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची संमती आवश्यक असते. परवानगी काढून घेतली जाऊ शकते, हेही विसरू नये: अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या किंगडम ट्रेल्स या सायकलवाटांच्या नावाजलेल्या जाळ्यात तीन खासगी जमीनमालकांनी 2019 च्या अखेरीस आपल्या जमिनींवर सायकलींना मनाई केली आणि अनेक वाटा तुटल्या.

म्हणून तुमच्या गटाने अधिकाऱ्यांशी लेखी करार करावा. कोणती कामे विचारल्याशिवाय करता येतील (निचरा मोकळा करणे, पडलेल्या फांद्या काढणे, वरंबा कापणे), कोणत्या कामांना प्रत्येक वेळी मंजुरी लागेल (नवा मार्ग, दगडकाम, झाड तोडणे, कोणतीही नवी रचना), पक्ष्यांच्या विणीच्या काळात कोठे काम थांबवायचे, आणि अपघात झाल्यास विमा कोणाचा, एवढे त्यात स्पष्ट असले तरी निम्मे तंटे उद्भवत नाहीत.

चोरून बांधलेल्या उंचवट्यांविषयी दोन टोकाचे सल्ले मिळतात: रातोरात मोडून टाका, किंवा डोळेझाक करा. दोन्ही मला चुकीचे वाटतात. आधी छायाचित्रे घेऊन अधिकाऱ्यांना आपणच कळवावे, मग त्यांच्या संमतीने आणि तारीख जाहीर करून ते काढावेत. तत्पूर्वी, बांधणाऱ्यांपर्यंत निरोप पोहोचेल अशी व्यवस्था करावी. ते बहुधा तरुण असतात, त्यांना खोदकामाची आवड असते, आणि अशी आवड असलेली माणसे श्रमदानाला मिळणे कठीण असते. सामायिक वाटेपासून वेगळ्या, एकाच दिशेने जाणाऱ्या आणि मंजूर अशा छोट्या जागेची मागणी त्यांच्याबरोबर मिळून अधिकाऱ्यांकडे केली, तर ती मान्य होवो न होवो, पुढची रचना वाटेवर होण्याची शक्यता बरीच घटते.

श्रमदानाच्या दिवसाची आखणी करताना पाच ते आठ माणसांमागे एक जाणकार ठेवावा आणि प्रत्येक तुकडीला संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल एवढेच काम द्यावे. अर्धवट उघडलेली माती रात्रीच्या पावसात सापडली तर काम न केल्यापेक्षा वाईट अवस्था होते. पादचारी आणि घोडेस्वार यांना केवळ निमंत्रण देऊ नये, त्यांच्यातील कोणाकडे तरी एखाद्या तुकड्याचे नेतृत्व द्यावे. प्रत्येक दुरुस्तीची जागा, तारीख आणि ठरलेल्या जागेवरून घेतलेले छायाचित्र वहीत नोंदवावे, आणि पुढच्या मोठ्या पावसात तीच वही घेऊन पुन्हा वरून खाली पायी यावे. एकाच खाचेपाशी दोन पावसांत गाळ साचला, तर तिचा कल वाढवावा; तिसऱ्यांदाही साचला, तर ती जागाच चुकली आहे असे समजून फीत आणखी वर बांधावी.